कारागिराची परीक्षा आणि पडद्यावरची चौकट

दुकानातल्या मुलांना आणि कारखान्यातल्या कारागिरांना शिकवण्यासाठी मोबाईलवरचे धडे तयार करून घेण्याची चाल आता आपल्या कापडाच्या व्यापारातही आली आहे. धडा संपला की प्रश्न येतात, चार उत्तरांपैकी एकावर बोट ठेवायचे असते आणि यंत्र लगेच गुण सांगते. या प्रश्नांत काय विचारावे यावर आपण व्यापारी लोक थोडाफार विचार करतो. पण तो प्रश्न पडद्यावर दिसावा कसा, अक्षर केवढे असावे, बोट ठेवायची जागा केवढी असावी, उत्तर चुकले तर यंत्राने काय म्हणावे, हे सारे आपण धडे तयार करणाऱ्यावर सोडून देतो. आम्हीही तेच केले. त्याची किंमत आमच्या एका जुन्या कटर मास्तरांनी मोजली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

डिलाईल रोड ते करी रोड या पट्ट्यात कापड, तयार कपडे आणि शिलाई या धंद्यात असलेले आम्ही सहा जण. गेल्या हिवाळ्यात आम्ही वर्गणी काढून असे धडे करून घेतले. गरज खरी होती. काउंटरवर येणाऱ्या नव्या मुलांना मोबाईल येतो, कापड येत नाही. जुन्या माणसांना कापड येते, पण बिल आणि कराचे नियम येत नाहीत. आणि गिऱ्हाईक बदलले आहे. जिथे गिरण्या होत्या तिथे आता काचेच्या इमारती आहेत, तिथला नोकरदार दुकानात येतो आणि यात व्हिस्कोस किती टक्के, धुतल्यावर किती आटेल, असे विचारतो. त्याला 'साहेब, माल एकदम फर्स्ट क्लास' एवढे सांगून आता भागत नाही.

धड्यांत आम्ही सुताचा काउंट, ताणा-बाणा, मिश्र धाग्यांची ओळख, कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवरच्या धुलाईच्या खुणा, आणि जीएसटी असे विषय घेतले. प्रत्येक धड्याला १० प्रश्न. इथवर ठीक. पुढे मात्र आम्ही एक चूक केली, ती उघड सांगतो. ज्याला १० पैकी ७ गुण मिळतील त्याच्या रोजात ५० रुपये वाढ, असे आम्ही ठरवून टाकले.

पहिल्या धड्यात बारावी झालेल्या आणि दुकानात येऊन चार महिने झालेल्या मुलाला ९ गुण मिळाले. आमच्या कटर मास्तरांना ४. हे मास्तर कापड चिमटीत धरून, जरा चोळून, सुती किती आणि पॉलिस्टर किती याचा अंदाज सांगतात आणि तो फारसा चुकत नाही. त्यांच्या कात्रीने आमची पेढी तीस वर्षे चालली. गुण कळल्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या धड्याच्या दिवशी मात्र आले नाहीत. निरोप पाठवला तर उत्तर आले, "भाई, आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. ह्यात आम्हाला घालू नका. वाढ नको."

तेव्हा आम्हाला शंका आली. माणसाला जे येते ते यंत्र येत नाही म्हणून सांगते, तर दोघांपैकी कोणीतरी चुकते आहे. आम्ही मास्तरांच्या घरी गेलो, तोच धडा त्यांच्याच मोबाईलवर उघडला आणि त्यांच्या शेजारी बसून प्रश्न एकेक करून पाहिले. तासाभरात जे दिसले त्याने आम्हाला लाज वाटली.

पहिला प्रश्न होता, ४० नंबरचे सूत बारीक की ८० नंबरचे. यात मास्तरांना काय विचारायचे? नंबर वाढला की सूत बारीक होते, हे आपल्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण धडे तयार करणाऱ्याने वापरलेल्या चौकटीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची होती. इंग्रजी अक्षराला वर मात्रा-वेलांटी नसते आणि खाली उकार नसतो. आपल्या अक्षराला दोन्ही असतात. चौकट ठेंगणी असल्यामुळे खालचे उकार कापले गेले होते. 'सूत' हे 'सत' दिसत होते, 'सुती' हे 'सती' दिसत होते आणि 'धुवावे' हे 'धवावे'. शाळेत भरपूर वाचलेला मुलगा अंदाजाने शब्द भरून काढतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस अक्षर लावून वाचतो, तो तिथेच अडकतो.

पुढे, उत्तर निवडल्यावर ते निवडले गेले हे कळायचे कसे? पांढऱ्यावर फिकट करडा रंग यायचा. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना, त्यातही कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली, तो दिसत नव्हता. मास्तरांना वाटले बोट लागलेच नाही, म्हणून त्यांनी पुन्हा ठेवले. एकाहून अधिक उत्तरे निवडायच्या प्रश्नात दुसऱ्यांदा बोट ठेवले की निवड रद्द होते. म्हणजे त्यांनी बरोबर उत्तर दिले होते आणि स्वतःच्याच बोटाने पुसले होते. वर शेवटचे बटण इंग्रजीत, कोपऱ्यात, 'सबमिट' म्हणून. ते दाबल्याशिवाय उत्तर जमा होत नाही हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते उत्तर निवडून थांबून राहायचे आणि ठरवून दिलेले ३० सेकंद निघून जायचे.

आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे चुकल्यावर काय होते ती. पडद्याच्या मधोमध लाल पाटी, त्यावर मोठी फुली, आणि वर भोंग्यासारखा आवाज. कारखान्यात दहा-बारा जण एकत्र बसलेले. ज्या पोरांना मास्तरांनी खडूने रेघ मारायला शिकवले, ती पोरे भोंगा वाजला की हसत होती. मास्तर दुसऱ्या दिवशी का आले नाहीत हे आम्हाला तेव्हा समजले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एक प्रश्न त्यांचा खरोखरच चुकला होता. तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी किती किमतीपर्यंत, या प्रश्नाला त्यांनी १,००० रुपये हे उत्तर दिले. ती जुनी मर्यादा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती नगामागे २,५०० रुपये झाली आणि त्यावरच्या मालाला १८ टक्के लागू झाले. हे त्यांना माहीत नव्हते, आणि धडा होता तो नेमका अशाच गोष्टीसाठी. परीक्षेचे काम एवढेच. बाकीचे पाच गुण त्यांच्या ज्ञानातून कापले गेले नव्हते, चौकटीतून कापले गेले होते.

आम्ही धडे तयार करणाऱ्याकडे गेलो. त्याने सांगितले की सॉफ्टवेअरमध्ये हे असेच येते, आणि बदल हवा असेल तर प्रत्येक पानाला वेगळे पैसे पडतील. पन्नास पानांचे पन्नास वेळा. आम्ही व्यापारी माणसे, असे उत्तर ऐकले की दुसरीकडे भाव विचारायची आम्हाला सवय. घरातल्या एका मुलाने हे काम शिकलेले आहे, त्याला बसवले. त्याने दाखवले ते असे.

अशा धड्यांसाठी बाजारात तयार सॉफ्टवेअर आहेत. आर्टिक्युलेट कंपनीचे स्टोरीलाइन २०१२ पासून आहे, ॲडोबीचे कॅप्टिव्हेट आहे, आयस्प्रिंग आहे, आणि एच-फाइव्ह-पी हे मोफत मिळणारे आहे. प्रश्नाचे पान घातले की प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःचे ठरलेले रूप लावते. ते रूप ज्याने बनवले त्याच्यासमोर इंग्रजी वाचणारा, टेबलावर संगणक घेऊन बसलेला नोकरदार होता. कारखान्यात मांडी घालून बसलेला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. हे रूप म्हणजे नुसती सोय असते, त्याला कायदा समजण्याचे कारण नाही. स्टोरीलाइनमध्ये सर्व पानांचा एक मूळ साचा असतो आणि बरोबर-चूक सांगणाऱ्या पाट्यांचा वेगळा मूळ साचा असतो. त्या साच्यात अक्षर, रंग, चौकटीची उंची एकदा बदलली की त्यावर बेतलेल्या सर्व पानांत बदल होतो. पन्नास पाने असोत की पाचशे, काम एकदाच.

आमच्या गिरणगावात 'साचा' हा शब्द मागाला वापरत. साचेखाते म्हणजे विणाईचे खाते. आमचे वडील साचेखात्यात होते आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो. मागावर ताणा एकदा नीट भरला की तागाभर कापड तसेच निघते, आणि तिथे एक धागा चुकला तर तागाभर रेघ पडते. मुलाने 'मास्टर स्लाइड' म्हणून जे दाखवले ते आम्हाला याच भाषेत चटकन समजले. धडे तयार करणाऱ्याला ते माहीत नव्हते असे नाही. प्रत्येक पानाचे पैसे लावण्यात त्याचा फायदा होता.

याशिवाय प्रत्येक उत्तराला अवस्था असतात. साधी, बोट ठेवलेली, निवडलेली, बंद झालेली, आणि नंतर उजळणी करताना बरोबर किंवा चूक म्हणून दाखवलेली. प्रत्येक अवस्थेला वेगळा रंग, वेगळी किनार, वेगळी खूण देता येते. आम्ही निवडलेल्या उत्तराला जाड गडद निळी किनार आणि शेजारी बरोबरची खूण द्यायला लावली. बारीक गोल टिकलीवर बोट टेकवण्याऐवजी उत्तराची सबंध पट्टीच बोट ठेवायची जागा केली. 'सबमिट'च्या जागी 'उत्तर द्या' असे मराठीत, पडद्याच्या रुंदीएवढे बटण. हे शब्द बदलण्यासाठी स्टोरीलाइनमध्ये वेगळी यादीच असते. कॅप्टिव्हेटच्या जुन्या आवृत्तीत प्रश्नांच्या सेटिंगमध्ये ते सापडतात. एच-फाइव्ह-पीमध्ये शब्द बदलायचे खाने समोरच असतात. रंग आणि आकार मात्र बहुधा संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून सीएसएस नावाच्या नियमांत बदलून घ्यावे लागतात. ज्यांना फुकट हवे त्यांनी ही मजुरी हिशेबात धरावी.

धुलाईच्या खुणांच्या धड्यात तर शब्दांची उत्तरेच काढून टाकली. आधी प्रश्न असा होता की 'ब्लीच करू नये' याची खूण कोणती, आणि उत्तरे होती 'फुली मारलेला त्रिकोण', 'फुली मारलेला चौकोन' वगैरे. आता ज्या माणसाने आयुष्यभर कॉलरच्या आत ती पट्टी शिवली, तो त्रिकोण डोळ्याने ओळखतो, शब्दाने नाही. स्टोरीलाइनमध्ये कोणत्याही चित्राला उत्तर बनवता येते. पाण्याची बादली, त्रिकोण, इस्त्री, चौकोन, वर्तुळ ही चित्रेच मांडली. इस्त्रीतले ठिपके मोजायचे, एक ठिपका म्हणजे कमी उष्णता आणि तीन म्हणजे जास्त. या धड्यात आमच्याकडे कोणीच नापास झाले नाही.

काही व्यापारी बंधू म्हणतील, ज्ञान महत्त्वाचे, ही सजावट कशाला? त्यांना आम्ही आपल्याच धंद्याची आठवण देतो. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचा माल मुंबईत उतरू लागला, तेव्हा ताग्यावर रंगीत छापील टिकट चिकटवलेले असे. कोणावर हत्ती, कोणावर वाघ, कोणावर देवादिकांचे चित्र. पुढे इथल्या गिरण्यांनीही तेच केले. गावचा गिऱ्हाईक गिरणीचे इंग्रजी नाव वाचू शकत नव्हता, तो चित्र पाहून माल मागायचा, आणि मालही बरोबर मिळायचा. सूतकताईच्या खात्यात वेगवेगळ्या काउंटच्या बॉबिनला वेगवेगळे रंग देत, ते काय शोभेसाठी होते? वाचता न येणाऱ्या कामगाराने ४० च्या जागी २० चढवू नये म्हणून होते. ज्या मालकांनी कामगारासाठी शाळा काढली नाही, त्यांनाही बॉबिन रंगवणे परवडत होते, कारण चुकलेल्या कापडाचे नुकसान त्यांचे होते. परीक्षेच्या चौकटीत नुकसान कारागिराचे होते, म्हणून कोणी रंगवत नाही.

अर्थात रूप बदललेच पाहिजे असाही आमचा हट्ट नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये, शाळा बंद असताना, राज्याच्या एससीईआरटीने व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' नावाची प्रश्नमालिका सुरू केली. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना ती मिळाली. तिथे रंग नव्हते, किनार नव्हती, प्रश्न नेहमीच्या संदेशासारखा यायचा आणि उत्तर संदेशानेच द्यायचे. तरी चालले, कारण व्हॉट्सॲपचे रूप घराघरात ओळखीचे होते. शिकाऊ वाहन परवान्याच्या परीक्षेचेही बघा. तिथे रस्त्यावरच्या खुणांचे चित्र मोठे दाखवतात, म्हणून टेम्पो चालवणारा कमी शिकलेला मुलगाही ती देऊ शकतो. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यातल्या लाखो मुलांची पडद्यावर प्रश्न सोडवण्याची भीती घालवली. पण ती मुले आता काउंटरवर आहेत. कटिंग टेबलामागे उभा असलेला माणूस त्या वर्गात कधी बसला नाही. ओळखीचे साधे रूप असेल तर उत्तम. ओळखीचे नसेल, तर ते ओळखीचे करून देण्याचा खर्च परीक्षा घेणाऱ्याने सोसला पाहिजे.

उलट टोकही आम्ही पाहिले. आमची तक्रार ऐकून धडे तयार करणाऱ्याने दुसऱ्या वेळी जे आणले ते पाहून हसू आले. पानाभोवती जरीचा काठ, मागे फुलांची नक्षी, बरोबर उत्तरावर टाळ्यांचा आवाज आणि वरून पडणाऱ्या पाकळ्या. नक्षीवर अक्षर दिसेना, आणि स्वस्त मोबाईलवर पाकळ्या पडता पडता धडा अडकून बसायचा. कच्च्या मालावर झगमगीत टिकट लावायची खोड आपल्या बाजारात नवी नाही. ते सगळे काढायला लावले.

रंगाबद्दल दोन शब्द. बरोबर म्हणजे हिरवा आणि चूक म्हणजे लाल, एवढ्यावर भागत नाही. शेड मॅचिंगच्या कामात असलेल्या प्रत्येकाला असा एखादा चांगला कारागीर माहीत असतो, जो मरून आणि बाटली-हिरव्यात गोंधळतो. लाल-हिरवा भेद कमी दिसणे पुरुषांत बरेच आढळते. उत्तर युरोपात सुमारे ८ टक्के पुरुषांत, आपल्याकडे त्याहून काहीसे कमी. त्यांच्यासाठी रंगाबरोबर खूण आणि शब्द दोन्ही हवेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या नियमांत हे लिहिलेलेच आहे, आणि साध्या मजकुराचा रंग व पार्श्वभूमी यांत निदान ४.५ ला १ एवढा फरक असावा असेही त्यात आहे. फिकट करड्याने तो नियम मोडला होता. हा फरक मोजायची साधने इंटरनेटवर मोफत मिळतात, मुलाने आमच्यासमोर मोजून दाखवला.

आता उर्दूचे. आमच्याकडचे काही जरीकाम आणि हातशिलाईचे कारागीर उत्तर प्रदेश-बिहारकडचे, त्यांतले काही फक्त उर्दू सहज वाचतात. त्यांच्यासाठी वेगळी प्रत काढली, तेव्हा आमचे उर्दू शाळेतले शिक्षण जरा कामी आले. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे निवडीची खूण उजवीकडे हवी आणि पुढे जाण्याचा बाण डावीकडे वळलेला हवा. पहिल्या प्रतीत अक्षरे उर्दू होती आणि बाण इंग्रजी वळणाचा, त्यामुळे माणसे पुढे जायचे म्हणून मागे जात होती. स्टोरीलाइनमध्ये मजकुराची दिशा बदलायची सोय आहे, पण ती कोणी सुरू केली पाहिजे ना!

दुसरा वाद अक्षराच्या वळणाचा. सॉफ्टवेअरला नस्ख सोपे, कारण ते सरळ रेषेत बसते. नस्तालीक तिरके उतरते, त्याला उंची जास्त लागते आणि ठेंगण्या चौकटीत शब्दाचे शेपूट कापले जाते. करणारा म्हणाला, नस्ख घ्या, वाचता तर येते. वाचता येते हे खरे. पण ज्यांनी लहानपणापासून कातिबांच्या हातचे नस्तालीक वाचले, त्यांना नस्खमधला उर्दू मजकूर परका वाटतो, वेग निम्मा होतो, आणि घड्याळ तर चालूच असते. १९८१ साली नूरी नस्तालीक संगणकावर आले, १९९४ मध्ये इनपेज आले, आज नोटो नस्तालीक मोफत आहे. एवढे असताना चौकट थोडी उंच करायचा कंटाळा म्हणून नस्ख का घ्यावे? आम्ही चौकट उंच करायला लावली. एका पानावर चार ऐवजी तीन उत्तरे बसली. चालेल.

मराठीतही अक्षराकडे बघावे. आमची प्रश्नांची पहिली यादी एका सहकाऱ्याने जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. ती सॉफ्टवेअरमध्ये चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ झाली आणि सगळे पुन्हा टाइप करावे लागले. यादी पहिल्यापासून युनिकोडमध्येच द्यावी. मुंबईच्याच 'एक टाइप'ने केलेले मुक्त आणि बलू, किंवा गूगलचे नोटो सान्स देवनागरी, हे फॉन्ट मोफत आणि वाचायला स्वच्छ आहेत. काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, तेही पाहून घ्यावे. जुन्या माणसाची नजर तिथे अडखळते.

पैशाचे बोलू. धडे करून घेताना आपण पानांचा आणि मिनिटांचा भाव ठरवतो. आमच्या मते ऑर्डरमध्ये आणखी गोष्टी लिहून घेतल्या पाहिजेत. सर्व पाने मूळ साच्यावर बेतलेली असावीत. आणि काम संपल्यावर मूळ फाइल आपल्या ताब्यात यावी. मोबाईलवर चालते ती तयार झालेली प्रत, तिच्यात नंतर बदल होत नाही. मूळ फाइल दुसऱ्याकडे राहिली की कराचा दर बदलला तरी आपण त्याच्याच दारात. शिवणाऱ्याने कपडा दिला आणि पॅटर्न स्वतःकडे ठेवला, अशातला हा प्रकार. आम्ही पहिल्या वेळी हे लिहून घेतले नव्हते आणि मूळ फाइल मिळवण्यासाठी वरून पैसे मोजले. पूर्ण रक्कम देण्याआधी नमुन्याची पाच पाने कारागिराच्याच मोबाईलवर, काच तडकलेल्या, उजेड कमी ठेवलेल्या, त्या मोबाईलवर चालवून बघावीत. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर सगळेच सुंदर दिसते. आणि बघताना आपण बोलू नये. माणूस कुठे थांबतो, कुठे दोनदा बोट ठेवतो, एवढेच पाहावे.

चुकल्यावरच्या पाटीवर आमच्या सहा जणांत बराच खल झाला. एकाचे म्हणणे, भोंगा वाजला तरच लक्षात राहते. ज्या रस्त्याला आपण अजून डिलाईल रोड म्हणतो, त्याचे आजचे नाव ना. म. जोशी मार्ग. या जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि तिने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. बारा तास उभा राहून आलेल्या माणसाला शिकवणारा मास्तर त्याच्या चेहऱ्याकडे बघू शकतो, प्रश्न फिरवून विचारू शकतो. यंत्राला चेहरा दिसत नाही. त्याला जे आधी लिहून दिले तेवढेच ते बोलणार. तर मग ते बरे लिहून द्यावे. शेवटी भोंगा गेला, मोठी फुलीही गेली. आता पाटीवर येते, 'पुन्हा एकदा बघा', आणि खाली कारण. जीएसटीच्या प्रश्नात, 'ही जुनी मर्यादा होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती बदलली.' दुसऱ्यांदा चुकले तर बरोबर उत्तर दाखवून पुढे. ३० सेकंदांचे घड्याळ काढले. कापड ओळखायला घाई करणाऱ्याला आम्ही कधी नोकरीवर ठेवत नाही, मग परीक्षेत घाई कशाला? गुण फक्त ज्याचे त्याला आणि मालकाला दिसतात.

मास्तरांना पुन्हा आणणे सोपे गेले नाही. नव्या रूपात, तितक्याच कठीण पण वेगळ्या १० प्रश्नांना त्यांना ८ गुण मिळाले. मधल्या काळात त्यांचा मोबाईलवर थोडा हातही बसला होता, तेव्हा चारही गुण चौकटीनेच वाढवले असे आम्ही म्हणणार नाही. ५० रुपयांची वाढ मात्र पहिल्या धड्याच्या तारखेपासून धरून दिली, आणि गुणांवरून रोज ठरवण्याचा नियम सहाही जणांनी मागे घेतला. मापाचा धडा तयार होतो आहे. त्यात पडद्यावर दिसणारी पट्टी सेंटिमीटरची आहे आणि मास्तरांच्या गळ्यातली टेप इंचाची. ती बदलून मिळेपर्यंत तो धडा आम्ही ताब्यात घेतलेला नाही.